रद्द पावती

आज पहिली शिफ्ट सुटली आणि गेटवर एकाने मला अडवलं. पर्मनंट आहे, पंधरा वर्षं झाली नोकरीला, पण युनियनच्या वर्गणीची एक पावती फाडलेली नाही. मला म्हणतो, "पगारवाढीच्या कराराचा फरक कमी आलाय माझा. काय झोपा काढते का तुमची कमिटी?"

कमिटी तुमची, फरक माझा. वा रे वा.

तिथे बोललो असतो तर तोंडातून भलतंच गेलं असतं, म्हणून इथे लिहितोय. मान्यताप्राप्त युनियनने करार केला की तो सगळ्या कामगारांना लागू होतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. सभासद असो, नसो, अगदी पुढच्या वर्षी कामाला लागणारा असो. पण शेवटची बैठक रात्री दीडपर्यंत चालली तेव्हा हा घरी घोरत होता, आणि फरक मोजायला मात्र पहिला!

तरी सांगतो, "पावती नाही त्याला वाढ नाही" म्हणणाऱ्यांतला मी नाही. कालच कमिटीत कुणीतरी हे पिल्लू सोडलं. अरे, बिगर सभासद स्वस्तात पडायला लागला तर मालकाला तोच गोड लागणार ना? मग भरती त्याचीच होईल आणि पावतीवाला हळूहळू बाहेर. आपल्या शॉपमध्ये हे होऊन गेलंय, फक्त त्याचं नाव वेगळं आहे. कंत्राटी.

आणि कंत्राटी म्हटलं की मला तो पोरगा आठवतो.

प्रेस मशीनवर होता. वर्गणीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हाताला तेल, मुठीत चार घड्या घातलेली नोट. "काका, माझी पण पावती करा." मी कार्बन सरकवला, नाव लिहिलं, तारीख टाकली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या कमिटी मेंबरने पावती पुस्तकावर हात ठेवला. "कंत्राटी आहे तो. आपल्या युनियनच्या घटनेत बसत नाही." मी त्या नावावर तिरकं 'रद्द' लिहिलं. पोरगा नोट उचलत म्हणाला, "बरं काका. मग पुढच्या महिन्यात आणू का?"

त्याला कळलंच नव्हतं. आणि मी समजावलंही नाही, पुढच्याची पावती फाडायला घेतली.

दोन महिन्यांनी त्याच प्रेसवर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनी म्हणाली, ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार फोन उचलेना. आमची कमिटी म्हणाली, आपला सभासद नाही. आणि हीच कमिटी, आज गेटवर मला अडवणाऱ्या त्या महाशयांना फोरमनच्या अंगावर धावून गेल्याबद्दल चार्जशीट मिळाली तेव्हा, इन्क्वायरीच्या सात तारखांना त्यांच्या बाजूने बसली होती! तोही सभासद नव्हताच की. नोकरी वाचली त्याची. वाचायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग त्या पोराला एक तारीख तरी?

मान्य आहे, कंत्राटींना आत घेतलं तर बोलणी किचकट होतात. ठेकेदार दरवर्षी बदलतो, पोरं बदलतात. आणि युनियन म्हणजे काही देवमाणसांचा मेळा नाही हेही मान्य. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या कागदावर त्यांचा प्रतिनिधी होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ. नको असलेला वकील गळ्यात पडला की कामगार वर्गणी का देईल, हा प्रश्न मलाही पडतो. १९७१ च्या आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यात ३० टक्के कामगार सभासद असले की युनियनला मान्यता मिळत आलीय. म्हणजे उरलेल्या ७० टक्क्यांनी मागितलेलं नसतानाही आपण त्यांच्या वतीने सही करतो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तर, एकट्याने बोलणी करायला ५१ टक्के लागतात. बरंच आहे. निदान माणसांच्या दारात तरी जावं लागेल.

पण मग दारात आपण होऊन आलेल्याला परत पाठवणारे आपण कोण? नोट घेऊन आला होता हो तो. पंधरा वर्षं ज्यांच्या मागे मी पुस्तक घेऊन फिरलो त्यांनी खिशात हात घातला नाही, आणि ज्याने घातला त्याला मी 'रद्द' करून पाठवला. घटनेत बसत नाही म्हणे. घटना काय आभाळातून पडली? आपणच लिहिली, आपणच बदलायची.

रद्द पावती फाडून टाकता येत नाही, हिशेब तपासनीस दोन्ही प्रती मागतो. त्यामुळे ती अजून पुस्तकात आहे, वरच्या कोपऱ्यावर तेलाचा अंगठा. रविवारच्या सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्तीचा विषय मी लेखी दिलाय. ते पुस्तक घेऊन येणार आहे. कमिटीतल्या मित्रांनो, वाचत असाल तर रागवा खुशाल, पण या.

आणि हो, संध्याकाळी त्या महाशयांची स्लिप तपासली. त्याचं बरोबर आहे, दोन दिवस कमी धरलेत. उद्या टाइम ऑफिसला जाऊन बसतो. वर्गणीचं काही विचारणार नाही.

विचारेन बहुतेक.