स्कॅन केलं म्हणजे परत दिलं?

"संग्रहालयांनी सगळं थ्रीडीत स्कॅन करून ऑनलाइन टाकलंय. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना आपला वारसा घरबसल्या बघता येतो. मग मूळ वस्तू परत मागायचा हट्ट कशाला? जरा तंत्रज्ञानाशी जुळवून घ्या की!" हा युक्तिवाद समाजमाध्यमांवर जोरात फिरतोय. वस्तू ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना तो फारच सोयीचा आहे.

'सगळं' हे तर खरं नाहीच. संग्रहातल्या चोऱ्या उघड झाल्यावर 2023 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं डिजिटायझेशनची योजना जाहीर केली, तेव्हा 24 लाख नोंदी टाकायच्या किंवा सुधारायच्या बाकी होत्या. नोंदी बरं का, थ्रीडी स्कॅन नव्हे.

'घरबसल्या' म्हणाल, तर जानेवारी 2022 च्या ज्वालामुखी उद्रेकात टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटराष्ट्राची समुद्राखालची इंटरनेट केबल तुटली. मुख्य बेटाचीसुद्धा ती जोडायला सुमारे पाच आठवडे गेले.

आता मूळ वस्तूंचं. होआ हाकानानाइआ हा मोआई, म्हणजे भलामोठा दगडी पुतळा, ब्रिटिश नौदलानं 1868 मध्ये रापा नुईवरून, म्हणजे ईस्टर बेटावरून, उचलून नेला. तिथल्या लोकांच्या लेखी तो पूर्वज आहे. 2018 मध्ये त्यांचं शिष्टमंडळ त्याला मागायला लंडनला गेलं. बेटावरच्या एका शिल्पकारानं तर बदल्यात हुबेहूब प्रतिकृती घडवून द्यायची तयारी दाखवली. प्रतिकृतीनं भागत असेल, तर हा सौदा म्युझियमनं आनंदानं करायला हवा होता. मोआई अजून लंडनमध्येच आहे.

उलट उदाहरणही आहे. हवाईचा राजा कलानिओपुऊ यानं 1779 मध्ये आपला पिसांचा झगा ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या खांद्यावर घातला. तो झगा फिरत फिरत 'ते पापा' या न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचला. फोटो काढून पाठवले की झालं, असं 'ते पापा'नं म्हटलं नाही. झगा 2016 मध्ये दीर्घ मुदतीसाठी आणि 2020 मध्ये कायमचा हवाईला गेला.

राहिलं तंत्रज्ञानाशी जुळवून घेणं. हा सल्ला लिसा रेहाना यांना द्यायचा का? कुकच्या सफरींवर बेतलेला 1804-05 चा एक फ्रेंच चित्रमय वॉलपेपर आहे. त्यातली बेटांवरची माणसं ग्रीक पुतळ्यांसारखी सजवलेली, आणि कुकचा मृत्यू कुठेतरी मागे, बारीकसा. या माओरी कलावतीनं तोच देखावा डिजिटल तंत्रानं पुन्हा उभा केला, त्यात पॅसिफिक समाजांतली खरी माणसं वावरायला लावली आणि कुकचा मृत्यू ठसठशीत पुढे आणला. 2017 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात न्यूझीलंडच्या दालनात हीच कलाकृती होती.