मोबाइल होममधली आठ फुटी टाकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

मोबाइल होममध्ये (कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवतात ते घर) घरी बनवलेल्या आठ फुटी माशांच्या टाकीसाठी फ्लोअरला खालून आधार द्या, हा माझ्या लेखातला सल्ला तुम्हाला अतिरेकी वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत एचयूडीच्या (तिथलं केंद्रीय गृहनिर्माण खातं) नियमांप्रमाणे मोबाइल होमचं फ्लोअर चौरस फुटाला ४० पौंड पेलतं. १२ बाय १६ ची खोली म्हणजे ७,६८० पौंड, टाकी भरून २,५०० पौंड, मग घराखाली सरपटायचं कशाला? लोक वॉटरबेडही (पाणी भरलेली गादी) ठेवायचेच की. बाहेरच्या भिंतीला लावा, खाली पाऊण इंची प्लायवूड टाका, झालं. आणि शेवटी टोला: 'नुसत्या मातीवर ब्लॉक रचून आधार कसला देताय?'

टोला बरोबर बसला. ब्लॉकखालच्या पायाच्या लादीचं माप लेखात द्यायचं राहिलं होतं, ते खाली देतो. बाकीचं मात्र मान्य नाही.

४० पौंड ही खोलीच्या खात्यावर जमा असलेली रक्कम नव्हे, की सगळी एकाच कोपऱ्यात खर्च करावी. तो आकडा सगळीकडे सारख्या पसरलेल्या भाराचा आहे. दुसऱ्या टोकाची रिकामी जागा टाकीखालच्या जॉइस्टला (फ्लोअर पेलणाऱ्या लाकडी फळीला) काडीची मदत करत नाही. शिवाय हे नियम १५ जून १९७६ पासून लागू झाले. घर त्याआधीचं असेल तर ४० सुद्धा गृहीत धरू नका.

वॉटरबेडचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. पाण्याच्या दर इंच उंचीला चौरस फुटामागे ५.२ पौंड भार येतो. वॉटरबेडमध्ये पाणी साधारण ९ इंच, म्हणजे ४७ पौंड, नियमाच्या आसपासच. टाकीत ते २४ इंच, म्हणजे नुसत्या पाण्याचे १२५. त्यात दोन इंच वाळू, पाऊण इंची प्लायचा खोका, पुढची १२ मिमी काच, दगड आणि स्टँड धरले की ८ बाय २ फुटांच्या जागेवर भार चौरस फुटाला १५० च्या वर जातो. आणि हा भार पाहुण्यांसारखा संध्याकाळी उठून जात नाही. लाकडावर वजन वर्षानुवर्षं बसून राहिलं की ते हळूहळू वाकत जातं आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही.

आता खरा मुद्दा, बाहेरची भिंत. 'बाहेरच्या भिंतीला लावा, जॉइस्टना आडवी ठेवा' हा सल्ला पक्क्या पायाच्या घरासाठी चोख आहे, कारण तिथे ती भिंत पायावर उभी असते. मोबाइल होममध्ये ती कशावर उभी असते ते वाकून बघा. घराच्या लांबीला दोन पोलादी आय-बीम असतात, एकमेकांपासून साधारण आठ फुटांवर. ब्लॉकचे खांब असतात ते या बीमखाली. बीमच्या बाहेरचा अडीच-तीन फुटांचा पट्टा आउटरिगरच्या (बीममधून बाहेर आलेल्या पोलादी हातांच्या) जोरावर अधांतरी असतो आणि भिंत त्याच्या टोकाला. म्हणजे तुम्ही सुचवलेली जागा ही घरातली सगळ्यात कमजोर जागा आहे.

हिशेब करून पाहू. जॉइस्ट १६ इंचांवर आणि अधांतरी भाग ३२ इंच धरा. ४० पौंडांच्या हिशेबाने एका जॉइस्टच्या त्या टोकाचा वाटा होतो सुमारे १४० पौंड. आठ फुटी टाकी सहा-सात जॉइस्टवर बसते, म्हणजे प्रत्येकावर ४०० च्या आसपास. जवळजवळ तिप्पट, आणि छताचा भार भिंतीतून त्याच टोकावर उतरतोय तो वेगळाच. फ्लोअर धाडकन कोसळेल असं नाही. होतं काय, तर बाहेरची कड काही मिलिमीटर खाली जाते, खिडकी अडकायला लागते आणि टाकी पिरगळते. प्लायचा खोका थोडं सोसतो, काच सोसत नाही. मग काचेचा सिलिकॉन खालच्या कोपऱ्यातून सुटायला लागतो.

प्लायवूडबद्दल: ते जरूर टाका, पण कशासाठी ते कळू द्या. स्टँडचे पाय फ्लोअरच्या शीटमध्ये रुतू नयेत, एवढंच त्याचं काम. जुन्या घरांत ही शीट बऱ्याचदा पार्टिकल बोर्डची असते. ती पाण्याने फुगते आणि मग बिस्किटासारखी भुसभुशीत होते, त्यामुळे आधी सुरीचं टोक खुपसून बघा. जॉइस्टवरचा भार मात्र प्लायने कमी होत नाही. पाऊण इंची प्लाय इतकं लवचीक असतं की टाकीच्या बाहेर हातभरसुद्धा वजन पसरवू शकत नाही.

जागा बदलता येत असेल तर टाकी भिंतीपासून आत, थेट आय-बीमच्या वर, बीमच्या दिशेने घ्या. मग तिच्या पट्ट्यात त्या बीमखाली दोन जादा खांब पुरतात. नाहीतर खालून तुळई.

त्यासाठी स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा झाकणारी बाजूची पट्टी) काढून आत जा. आधी जॉइस्टची दिशा बघा. ते बहुतेक घरांत रुंदीला असतात, पण काही घरांत लांबीला. लांबीला असतील तर पुढचं सगळं बदलतं, कारण तुळई जॉइस्टना आडवीच जायला हवी. तेव्हा एका लांब तुळईऐवजी टाकीखाली तीन-चार आखूड आडव्या तुळया आणि प्रत्येकीला दोन खांब. खालचं काळं आवरण तीन बाजूंनी कापून झडपेसारखं सोडा. पूर्ण काढू नका, त्याच्या वरच इन्सुलेशन असतं. पाण्याच्या नळ्या आणि हवेचा डक्ट कुठून जातो ते पाहूनच सुरी चालवा. काम झालं की आवरणाच्या खास टेपने झडप बंद करा, नाहीतर उंदीर आणि ओल दोन्ही आत.

तुळई म्हणून प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) २×८ इंची दोन फळ्या खिळून एक करा, लांबी आठ फूट, आणि ती टाकीच्या मध्यरेषेखाली धरा. तिच्याखाली चार-चार फुटांवर तीन खांब. इथे बरेच जण फसतात. तिन्ही खांबांवर सारखा भार येईल असं वाटतं, पण सलग तुळईत मधला खांब सुमारे ६२ टक्के उचलतो आणि कडेचे दोन जेमतेम १९-१९. २,५०० पौंडांतले दीड हजारांहून जास्त एकट्या मधल्यावर. माती कमजोर, म्हणजे चौरस फुटाला १,००० पौंड पेलणारी धरली, तर १६ इंची चौकोनी लादी काठावर पास होते. मधल्याखाली २० इंची काँक्रीट लादी घाला, कडेला १६ चालेल. वरची भुसभुशीत माती आणि मुळं काढून, न हललेल्या थरावर. जिथे जमीन गोठते तिथे लादी गोठण्याच्या खोलीखाली गेली पाहिजे, नाहीतर हिवाळ्यात तीच लादी टाकी उचलायला लागते.

लादीवर ८×८×१६ इंची ब्लॉक, भोकं उभी ठेवून (आडवी ठेवली तर ब्लॉक चिरडतो), वर चार इंची भरीव ब्लॉक, आणि तुळईखाली कठीण लाकडाच्या पाचरींची जोडी समोरासमोरून. पाचर हाताने हलेनाशी झाली की थांबा. आणखी ठोकलं तर फ्लोअर वर येतं, दारं अडकतात. मोटारीचा हायड्रॉलिक जॅक कामापुरता लावा, कायमचा नको, कारण त्याचं तेल आज ना उद्या गळतंच. आय-बीमला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं अजिबात नाही.

स्टँड पाणसळीने सपाट करा. टाकीखालचा फोम बारीक उंचवटे झाकतो, उतार झाकत नाही.

पाणी भरण्याआधी प्रत्येक खांबापाशी जॉइस्टपासून, लादीला न टेकता बाजूला जमिनीत खोल ठोकलेल्या खुंटीपर्यंतचं अंतर (लादीपर्यंतचं नको, ती खचली तर ते बदलत नाही) मोजून जॉइस्टवरच पेन्सिलने लिहा. एक तृतीयांश भरा, एक दिवस थांबा, पुन्हा मोजा. मग दुसरा तृतीयांश, मग तिसरा. सगळीकडे एक-दोन मिलिमीटर सारखं बसलं तर चिंता नाही. एक टोक दुसऱ्यापेक्षा तीन मिलिमीटर जास्त बसलं तर पाणी निम्म्यावर आणा आणि मगच पाचर बसवा. भरल्या टाकीखाली पाचरीवर हातोडा मारू नका. त्यानंतर आठवड्याने, महिन्याने, आणि पहिल्या हिवाळ्यानंतर माती सैल झाली की एकदा आत जाऊन तेच आकडे ताडून बघा.