चेन ढिली आहे? असू द्या ना भाऊ!

चेनसॉची, म्हणजे झाडं कापायच्या मशीन-करवतीची, चेन लोंबली की लगेच मशीन बंद करणारे लोक वेगळे. आपण ४५ अंशांत तर्री-पोहे ओरपणारी माणसं, आपल्याला कसलं भेव? तेव्हा हे सल्ले लिहून घ्या.

इंजिन चालूच ठेवा. पुन्हा दोरी कोण ओढत बसणार?

हातमोजे नकोत. दातांना धार आहे की नाही, ते बोटांनाही कळू द्या.

चेन तापून लोंबली की गरमागरमच कसून मशीन तशीच ठेवून द्या. थंड झाल्यावर चेन आखडते आणि इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्ट-बेअरिंगवर ताण येतो. येऊ द्या, मेकॅनिकलाही पोट आहे.

आणि बारचं, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीचं, नाक वर उचलून चेन ताणायचा स्क्रू पिळायची भानगड तर करूच नका. नाक खाली पडलेलं असतानाच कसा. ओंडक्यावर टेकवलं की बार वर सरकतो आणि चेन पुन्हा ढिली. परवाच्या वादळात आमच्या लेआउटमधला कडुलिंब मोडला. तो कापायला आलेल्या महाशयांचीही हीच पद्धत. चेन बारखाली झोळीसारखी लोंबत होती. म्हटलं, "भाऊ, चेन पाहून घे." तर म्हणे, "काही नाही होत काका, चालून राहिली ना!" आणि चढले चपला घालून झाडावर. पहिल्याच फांदीत चेन उतरली. तुटलेली चेन अडवणारा खालचा तुकडा? तो "मधात येते" म्हणून आधीच काढलेला. मग हातोडीने ठोकून चेन बसवली, तीही उलटी! दात मागे तोंड करून. भुसा निघेना, नुसता धूर. त्यावर निदान काय, तर "लाकूडच कडक आहे काका." अरे, कडुलिंब आहे तो, रेल्वेचा रूळ नाही!

दोन नट आणि एक स्क्रू, एवढंच तर काम आहे रे! मशीन बंद करा, बारचे नट थोडे सैल करा, नाक वर धरा, चेन बारच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत स्क्रू पिळा, नाक न सोडता नट कसा. हातमोजे घालून हाताने ओढली तर चेन सरकली पाहिजे, लोंबली नाही पाहिजे. दोन मिनिटं लागतात. खाली लोकांची पोरं उभी असतात, तुमच्या वाटेकडेही घरचे डोळे लावून असतात, त्याची काही लाज? आणि स्वतःच्या हाताने चेनची वाट लावून नव्या चेनचे पैसे माझ्याकडे मागायचे नाहीत. मिळणार नाहीत.