काचेचं मॉड्यूल वायर गुंडाळून बसत नाही, भाऊ

"फक्त ७०० रुपयांत जुनी गाडी ऑटोमॅटिक! गाडी लॉक करा, चारही काचा आपोआप बंद. वायर कापायची गरज नाही, थोडी सोलून वरून गुंडाळा. रंग सगळ्या गाड्यांत सारखेच. फ्यूज उडाला तर ३० चा काढून ४० चा टाका. पोराचा हात अडकला तरी भीती नाही, मोटर गरम होऊन आपोआप थांबते. बॅटरी अजिबात खात नाही."

हा मेसेज इकडच्या गावागावांतल्या ग्रुपवर फिरून फिरून गुळगुळीत झाला. तो आहे काचेच्या मॉड्यूलचा, म्हणजे गाडी लॉक झाली की काचा चढवणाऱ्या छोट्या डब्याचा. काल मामेभावानं तोच पाठवला अन् खाली लिहिलं, "रविवारी बसवतो." त्याच्या गाडीत मागच्या सीटवर चार वर्षांचं पोट्टं बसतं. त्यामुळे आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

आधी ते गुंडाळणं. काचेच्या मोटरला दोनच वायरी जातात. एकीला १२ व्होल्ट आणि दुसरीला अर्थ (गाडीची बॉडी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह) मिळाला की काच वर, उलट झालं की खाली. साध्या गाड्यांत बटण कोणी दाबलेलं नसतं तेव्हा या दोन्ही वायरी बटणाच्या आतून अर्थलाच टेकलेल्या असतात. पटत नसेल तर मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की वाजतो त्या खुणेवर) ठेवा. एक टोक मोटरच्या वायरीला, दुसरं दाराच्या रंग नसलेल्या बोल्टला. पीं वाजेल. आता या अर्थला टेकलेल्या वायरीवर मॉड्यूलचे १२ व्होल्ट गुंडाळले तर ते मोटरकडे कशाला जातील? ते बटणातून सरळ बॉडीत उतरतात. हा डायरेक्ट शॉर्ट आहे. पहिल्याच लॉकला फ्यूज जाणार, म्हणजे जाणारच.

मेसेज लिहिणाऱ्यालाही ते माहीत असावं, नाहीतर लगेच पुढे "४० चा टाका" कशाला लिहिलं असतं? फ्यूज उडाला याचा अर्थ त्यानं त्याचं काम केलं. हिरवा ३० अँपिअरचा काढून तिथं नारिंगी ४० चा खोचला, की वितळायची पाळी वायरीवर येते. आणि वायर वितळते ती बहुतेक दार आणि खांबाच्या मधल्या घडीच्या रबरी नळीत, जिथं दार उघडझाप करून तारा आधीच दमलेल्या असतात. त्याच नळीत लॉकच्या आणि स्पीकरच्या वायरीही असतात. एका काचेच्या हौसेपायी पूर्ण दाराचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जातो. तोही नशीब चांगलं असेल आणि आग दारातच विझली तर.

वायर कापावीच लागते. काच वर नेणारी वायर मोटरजवळ कापायची, शेवटच्या बटणाच्याही पुढे. मागच्या दाराची लाइन पुष्कळ गाड्यांत ड्रायव्हरच्या मास्टर बटणातून फिरून येते, त्यामुळे मधेच कापली तर दोनपैकी एकच बटण नीट चालतं. पाच पायांच्या रिलेत (विजेनं ओढला जाणारा स्विच) मोटरकडचं टोक ३० नंबरला, बटणाकडचं ८७ए ला, आणि ८७ ला बॅटरीहून आलेली लाइन. ८५-८६ ही कॉइल, ती मॉड्यूल ओढतं. रिले शांत असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, म्हणून बटण पहिल्यासारखंच चालतं. रिले ओढला की बटण वेगळं होतं आणि मोटरला थेट १२ व्होल्ट मिळतात. परतीचा रस्ता दुसऱ्या वायरीतून, ती बटणात अर्थला बसलेलीच आहे. एवढ्यानं काच फक्त चढते; अडल्यावर उलटी फिरवणाऱ्या मॉड्यूलला खाली नेणाऱ्या वायरीवरही असाच दुसरा रिले लागतो. बॅटरीहून येणारी लाइन अडीच चौरस मिलिमीटरची, आणि २० चा पिवळा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज मॉड्यूलपाशी लावला तर मधली लांब वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवायच राहते. चारही काचा एकदम चढवणारं मॉड्यूल घेऊ नका. मोकळी चढताना एक मोटर चार-सहा अँपिअर घेते, अडली की त्याच्या कितीतरी पट. एकेक काच चढवणारं मॉड्यूल बरं.

एक कबूल करावं लागेल. काही गाड्यांसाठी कपलरवालं (वायरींच्या प्लगमध्ये खोचायचं) मॉड्यूल मिळतं. बटणाचा कपलर काढायचा, मधे हे खोचायचं. त्यात खरंच वायर कापत नाहीत. पण तिथंही लाइन कपलरच्या आत तोडलेलीच असते, गुंडाळलेली नसते.

रंगांचं काय सांगावं? कंपनी बदलली की रंग बदलतो, कधीकधी एकाच मॉडेलचं वर्ष बदललं तरी बदलतो. बटण दाबून मीटरनं बघायचं. पिवळ्या आवरणातली वायर दिसली तर हात लावायचा नाही, ती बहुतेक एअरबॅगची असते. नव्या गाड्यांत बटणाच्या वायरी बारीक असतात. त्यातून फक्त इशारा जातो आणि मोटर वेगळं कंट्रोल युनिट चालवतं. तिथं १२ व्होल्ट घुसवले तर ७०० रुपयांत ते युनिट जाळून मिळतं.

आता पोट्ट्याचा हात. या ओळीसाठी तर मेसेज लिहिणाऱ्याचे कान उपटले पाहिजेत. मोटरमध्ये गरम झाल्यावर तुटणारा कटआउट असतो, एवढं खरं. पण तो मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतलं तारांचं वेटोळं, वाचवायला आहे. अडलेली मोटर तापून कटआउट पडायला काही सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ काच पूर्ण जोर लावून दाबत राहते. तेवढ्यात बोटाचं काय होतं ते लिहवत नाही. तिथं मान असेल तर?

आपोआप चढणाऱ्या काचेसाठी संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम क्रमांक २१ आहे. फट २०० ते ४ मिलिमीटर असताना मधे काही आलं, तर १०० न्यूटनपेक्षा जास्त जोर पडायच्या आत काच उलटी फिरली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचं वजन. अमेरिकेच्या ११८ क्रमांकाच्या मानकातही हाच आकडा आहे. कंपनीच्या ऑटो काचेत यासाठी मोटरवर सेन्सर असतो. तो फेरे मोजतो, वेग घसरला की मोटर उलटी फिरवतो. तुमच्या साध्या काचेत तो नाही, म्हणून तर कंपनीनं ती बटण दाबून धरेपर्यंतच चढेल अशी ठेवली. बोट सोडलं की काच थांबते, एवढीच तिची सुरक्षा. स्वस्त मॉड्यूल नेमकी तीच काढून घेतं.

त्यात अजून एक मेख आहे. हे मॉड्यूल सेंट्रल लॉकच्या पल्सवर, म्हणजे दारं लॉक होताना येणाऱ्या क्षणभराच्या इशाऱ्यावर चालतं, आणि पुष्कळ गाड्या थोडा वेग घेतला की स्वतःच दारं लॉक करतात. म्हणजे गावाबाहेर पडून गाडीनं वेग धरला अन् मागं पोट्टं हात बाहेर काढून बसलं असेल, तर काच तेव्हाच चढायला लागेल. यासाठी चांगल्या मॉड्यूलला इग्निशनची एक वायर असते. चावी चालू असेपर्यंत मॉड्यूल मुकं राहतं. बसवणारे ती वायर "लागत नाही" म्हणून टेप मारून सोडून देतात. ती लागते. ती वायरच नसलेलं मॉड्यूल फुकट मिळालं तरी घेऊ नका.

बसवून झाल्यावर बाजारातली एक काकडी काचेच्या वाटेत आडवी धरा आणि रिमोटनं लॉक करा. काच काकडीला टेकून उलटी फिरली तर ठीक. दोन तुकडे पडले तर ते मॉड्यूल त्याच दिवशी काढा.

आपल्याकडं अजून एक भानगड होते, ती मेसेजमध्ये नाही. पांदण रस्त्याची काळी धूळ काचेच्या रबरी खाचेत बसते, मे महिन्याच्या उन्हात रबर कडक होतं आणि काच जड जाते. मोटर जास्त करंट ओढते, मॉड्यूलला वाटतं काच वर टेकली, ते मधेच थांबतं. ठरावीक सेकंद मोजून थांबणारं असेल तर काच दोन इंच उघडी ठेवून बंद पडतं, आणि मालक निर्धास्त घरात. खाच ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्यावर धूळ चिकटून लेप बसतो. जोडाला नुसती टेप नको, उन्हात तिचा गोंद ओघळतो. सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. दाराचा पॅड काढताना आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी पायाशी येतं. मॉड्यूल दाराच्या तळाशी टाकू नका, तिथूनच पाणी वाहतं.

बॅटरीचं म्हणणं अर्धं खरं आहे. मॉड्यूल उभ्या गाडीत १० मिलिअँपिअर घेत असेल तर महिन्याला सात अँपिअर-तास होतात. रोज चालणाऱ्या गाडीला ते कळणारही नाही. पण लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, आणि फक्त लग्नसराईत निघणारी गाडी दोन महिने उभी राहिली तर सेल्फ मारताना कळेल. अशी गाडी असेल तर उभी करताना मॉड्यूलचा पिवळा फ्यूज काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवा.