कोल्हापूरनं एकदा 'हो' म्हणायची मोहीम काढावी

कोल्हापूर महापालिकेची निवडणूक 2026 च्या जानेवारीत एकदाची झाली. 2020 च्या नोव्हेंबरात आधीच्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून शहर प्रशासकाच्या हाती होतं. त्यामुळे मतदानाच्या आधी घरच्यांशी आणि मैत्रिणींशी फोनवर बोलताना सगळ्यांचा उत्साह जाणवत होता. पण एक शब्द सारखा कानावर येत होता: निधी. कुणी किती आणला, कोण आणणार, कुणाचा अडवला. आमच्या पेठेतल्या पोरांना अभ्यासिका हवी आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ही पोरं घरात जागा नाही म्हणून खासगी अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून खुर्ची धरतात. त्यांनी मागणी केली की दारात आलेला उमेदवार म्हणायचा, "निवडून द्या, निधी आणतो."

निधीतून इमारत उभी राहते. फलक लागतो, उद्घाटन होतं. पुढे लाइटबिल कोण भरणार, पुस्तकं कशातून घेणार, रात्री अकरापर्यंत दार उघडं ठेवणाऱ्या माणसाचा पगार कुठून निघणार, हे त्या निधीत नसतं. वर्षानुवर्षं लागणारा पैसा वर्षानुवर्षं कुणीतरी द्यावा लागतो. तो आपण देणार का, असं कोल्हापूरकरांना कुणी विचारतच नाही. माझं सगळं म्हणणं या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

मी ओहायो राज्यात, कोलंबसजवळच्या एका उपनगरात राहते. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांना राज्याकडून काही वाटा मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी तो पुरत नाही. उरलेला पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि तो कर बसवायचा तर मतदारांची परवानगी लागते. त्याला लेव्ही म्हणतात. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली प्रश्न छापलेला असतो: अमुक ग्रंथालयाच्या खर्चासाठी, अमुक वर्षांसाठी, घराच्या सरकारी मूल्यांकनातल्या दर 1 लाख डॉलरमागे वर्षाला अमुक डॉलर. कराच्या एककाला इथे मिल म्हणतात. 1 मिल म्हणजे त्या 1 लाखामागे 35 डॉलर. बाजूने किंवा विरोधात, एवढंच मतदारानं सांगायचं. शाळा, अग्निशमन दल, बागा, वृद्धांच्या सेवा यांच्याही लेव्ह्या अशाच येतात. पुष्कळ लेव्ह्या पाच वर्षांच्या असतात. मुदत संपली की पुन्हा लोकांच्या दारात यावं लागतं आणि मागच्या पाच वर्षांत काय केलं ते सांगावं लागतं.

या व्यवस्थेतलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर ही मुदत. रकमेपेक्षाही जास्त.

ग्रंथालयाच्या लेव्हीसाठी मी इथे घरोघरी फिरले आहे, म्हणून मोहीम कशी आखतात ते जरा सविस्तर सांगते. ग्रंथालयाला स्वतःच्या पैशातून 'बाजूने मत द्या' असा प्रचार करता येत नाही. किती पैसे लागणार आणि कशासाठी, एवढी माहिती ते देऊ शकतं. प्रचार करायचा तर नागरिकांनी वेगळी समिती काढायची, खजिनदार नेमायचा, देणग्या घ्यायच्या आणि त्यांचा हिशेब निवडणूक मंडळाकडे द्यायचा. प्रश्न मतपत्रिकेवर यायला हवा असेल तर मतदानाच्या 90 दिवस आधी कागदपत्रं दाखल करावी लागतात, म्हणजे खरं काम त्याच्याही बरंच आधी सुरू होतं.

बैठकीत घोषणा ठरण्याआधी आकडा ठरतो. मागच्या तशाच निवडणुकीत किती लोक मतदानाला आले, त्याच्या निम्म्याहून एक जास्त, हे लक्ष्य. मग मतदारांची यादी काढायची. ती इथे सगळ्यांना मिळते, आणि कोण कुठल्या निवडणुकीत मतदानाला आला तेही तिच्यात असतं. मत कुणाला दिलं ते अर्थातच नसतं. एकेका गल्लीतले लोक बसून त्या यादीवर खुणा करतात. हा नक्की आपल्या बाजूचा. हा नक्की विरोधात, त्याच्याशी वाद घालत संध्याकाळ घालवायची नाही. हिचं अजून ठरलेलं नाही, हिच्या घरी तिच्या ओळखीच्या माणसानं जायचं. मतदान चार आठवडे आधीच सुरू होतं, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघून चालत नाही. ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांना पुन्हा फोन करून 'जाऊन आलात का' असं विचारायचं. आधी मला हे फार कोरडं वाटलं. पण या खुणांच्या मागे एकेका माणसाशी झालेलं बोलणं असतं, आणि गल्लीतल्या माणसानं गल्लीतल्या माणसाला विचारणं याला दुसरा पर्याय नाही.

इथून जवळच डब्लिन नावाच्या गावात ओसीएलसी ही ग्रंथालयांची मोठी सहकारी संस्था आहे. तिनं 2008 मध्ये अमेरिकाभरच्या मतदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रंथालयासाठी कर द्यायला तयार असणं आणि स्वतः ग्रंथालयात जाणं यांचा संबंध फार थोडा आहे, असं त्यात निघालं. कधीही पुस्तक न नेणारी माणसंसुद्धा बाजूनं मत देतात, कारण ग्रंथालयामुळे कुणाचं तरी आयुष्य बदलतं असं त्यांना वाटतं. हे वाचल्यापासून मोहिमेकडे बघायची माझी नजर बदलली. 'आमच्याकडे या' असं वाचकांना सांगत बसण्यापेक्षा, ज्यांची मुलं मोठी होऊन गेली त्यांना शेजारच्या पोराबद्दल सांगायचं असतं. आणि ते दुकानदारानं, निवृत्त मास्तरांनी, अग्निशमन दलातल्या माणसानं सांगितलं तर जास्त पोचतं.

आता कोल्हापूर. संघटनेत आपल्याला कुणाकडून शिकायची गरज नाही. एकात्मिक रस्ते प्रकल्पासाठी शहरावर 30 वर्षांचा टोल बसणार होता. त्याविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, त्यांच्यामागे पेठा, तालमी म्हणजे गल्लोगल्लीची मंडळं, बायाबापड्या उतरल्या, आणि 2015 च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. त्या लढ्याचा मला आजही अभिमान आहे, कारण कुणाला न विचारता तीस वर्षांचं ओझं टाकणं चूकच होतं. पण रस्ते बांधणाऱ्या कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून गेली, आणि शहराचे रस्ते यापुढे कुणाच्या पैशातून नीट ठेवायचे ही चर्चा तिथेच थांबली. हद्दवाढीचंही तसंच. 1972 मध्ये महापालिका झाली, पुढची पन्नास वर्षं हद्द तसूभर हलली नाही. भोवतालच्या गावांचा विरोध आहे आणि त्याचं एक मोठं कारण घरफाळ्याची, म्हणजे पालिकेच्या मालमत्ता कराची, धास्ती हे आहे. घरफाळा वाढला तर बदल्यात काय मिळेल, हे त्या गावांसमोर तारखेसह, आकड्यासह कुणी मांडलं का? थेट मुद्द्यावर मत घेणं आपल्या राज्याला नवं नाही. दारूदुकानासाठी उभी बाटली-आडवी बाटली असं गुप्त मतदान होतं, आणि बायकांनी ते जिंकून दुकानं बंद केली आहेत. मात्र तिथेही प्रश्न बंद करण्याचाच असतो. काही चालू करण्यासाठी आपलं मत कधी मागितलं जात नाही.

हे माझ्या मनाला फार लागतं, कारण या बाबतीत कोल्हापूर एकेकाळी देशाच्या पुढे होतं. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आणि भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला, स्वातंत्र्याच्याही आधी. मद्रासचा कायदा 1948 चा. त्यात ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर आहे. कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्यातही आहे, शेकडा 6. म्हणजे आपल्या शेजारी निपाणीत घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा पैसा जमा होतो. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात असा उपकर नाही. आपली ग्रंथालयं वर्ग ठरवून मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर चालतात आणि ते कधी येईल याची वाट बघतात.

नुसता उपकर बसवून भागत नाही, हेही कर्नाटकातच दिसतं. तिथल्या शहरांनी गोळा केलेला पैसा ग्रंथालयांकडे वेळेवर न पोचल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. पैसा कशाचा हे भरणाऱ्याला माहीत नसेल तर तो अडकला हेही त्याला कळत नाही.

माझ्या मामांशी यावर बोलणं झालं. ते म्हणाले, "पोरी, घरफाळा वाढवा म्हणून सांगत फिरणार? लोक उंबऱ्यावरनंच परत धाडतील. दिलेलं पैसं कुठं गेलं, त्ये कोण सांगतंय?" मामांच्या बोलण्यात पैसे न देण्याचा हट्ट नव्हता. गणपतीला, तालमीला, 2019 च्या पुरात लोकांच्या जेवणाला त्यांनी हात आखडता घेतलेला मी कधी पाहिला नाही. पावतीपुस्तक घेऊन आलेला पोरगा कुणाचा हे त्यांना ठाऊक असतं, आणि पैशाचं काय झालं ते त्यांना मांडवात दिसतं. घरफाळ्याच्या पावतीवर त्यातलं काही दिसत नाही.

ओहायोतलं सगळं घ्यावं असंही माझं म्हणणं नाही. इथल्या शाळा मालमत्ता करावर इतक्या अवलंबून आहेत की श्रीमंत उपनगरात सगळं असतं आणि गरीब गावात लेव्ही मतदानात हरत राहते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्येच ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तरी प्रश्न सुटलेला नाही. निवृत्त माणसांची घरं महाग होतात, उत्पन्न तेवढंच राहतं, कर वाढतो. मालमत्ता करच रद्द करावा म्हणून 2025 मध्ये सह्यांची मोहीम सुरू झाली ती याच रागातून. पूर्वी ऑगस्टमधल्या निवडणुकीत, कुणाचं लक्ष नसताना, लेव्ही मांडायची युक्तीही चालायची. राज्यानं शेवटी त्यातल्या बहुतेक निवडणुका बंद केल्या. म्हणून शिक्षण, पाणी, दवाखाना यांची जबाबदारी राज्याचीच राहिली पाहिजे. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी शहरात 2023 च्या दिवाळीत आलं, त्यासारखी कामं वॉर्डाच्या खिशातून होणारी नाहीत. पण अभ्यासिका होऊ शकते.

समजा एका वॉर्डात दोन हजार घरं आहेत आणि सरासरी घरफाळा पाच हजार रुपये आहे. शंभरामागे दोन रुपये जादा म्हणजे घराला वर्षाला शंभर, वॉर्डाचे दोन लाख. त्यात एका माणसाचं मानधन, लाइटबिल, वर्तमानपत्रं आणि थोडी पुस्तकं बसतात. जागा पालिकेच्या बंद पडलेल्या शाळेत मिळू शकते. कायद्यानं यावर लोकांचं मतदान घेता येत नाही, आणि नवा कर बसवायला राज्य सरकारची मंजुरी लागते. पण वॉर्डातल्या लोकांनी सह्यांनिशी लिहून देण्याला कुठला कायदा आड येतो? आम्ही एवढे जादा द्यायला तयार आहोत, फक्त या कामासाठी, फक्त पाच वर्षांसाठी, दर तीन महिन्यांनी हिशेब फलकावर लागणार असेल तर, आणि पाच वर्षांनी पुन्हा आम्हाला विचारणार असाल तर. दोन हजारांतल्या अकराशे घरांच्या सह्या असलेला कागद कुठल्याही नगरसेवकाला बाजूला ठेवता येणार नाही. टोल नको म्हणून आलेल्या गर्दीची सरकारला दखल घ्यावी लागली, तशी पैसे देतो म्हणून आलेल्या यादीचीही घ्यावी लागेल.

आणि हे काम तालमीच करू शकतात. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की शाहू स्टेडियमवर कोण कुठे बसणार हे ज्यांना पाठ असतं, त्यांना गल्लीतल्या कुठल्या घरी कुणी जायचं हे सांगावं लागणार नाही. भाडेकरूंनाही विचारा, कारण अभ्यासिकेत बसणारी पोरं बहुधा त्यांचीच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना या शंभर रुपयांतून वगळा आणि तसं पहिल्याच पत्रकात छापा. खजिनदार असा निवडा, ज्याला पुढची निवडणूक लढवायची नाही.

पुढच्या वर्षाचे कराचे दर महासभेला 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. म्हणजे कागद जानेवारीत तयार हवा, सह्या दिवाळीनंतर, आणि घरोघरची पहिली फेरी गणपतीत, वर्गणीच्या वेळीच. या वर्षीच्या गणपतीला मी घरी असेन. आमच्या गल्लीची यादी करायचं मामांनी कबूल केलं आहे. हिशेबाचा फलक आधी रंगवून घ्या, मग मी उठतो, असं त्यांनी बजावलं आहे.