बाबागाडी, लिफ्ट आणि कार सीट : आपल्या तक्रारीस दुकानमालकाचे उत्तर

सस्नेह नमस्कार ताई,

आपण अभिप्रायात दिलेला एकच तारा आणि त्याखालील मजकूर मी दोनदा वाचला. आपले यजमान आणि भाऊ यांनी नौपाड्यातील आमच्या दुकानातून नेलेल्या बाबागाडी व कार सीटच्या संचातील बाबागाडी तीन आठवडे नुसती पडून आहे. ती आपल्या माहेरच्या लिफ्टमध्ये शिरत नाही, घडी करूनही डिकीत मावत नाही, आमच्याकडील मुलीने आपल्या आईंना उगाच घाबरवले आणि परत करायला आल्यावर पावतीवरील ओळीकडे बोट दाखवले गेले, असे आपले म्हणणे आहे. या सगळ्याचे उत्तर देतो, पण त्याआधी आपण सोबत टाकलेल्या छायाचित्राविषयी बोलणे अधिक निकडीचे आहे.

त्यात कार सीट चालकाशेजारच्या आसनावर दिसते. बाळाचे तोंड मागच्या काचेकडे आहे, ते योग्यच आहे. पण त्यामुळे सीटची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकली आहे, आणि समोरची एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागे आदळेल. आपली मोटार अलीकडची असेल तर तिथे एअरबॅग असणारच, कारण २०२१ अखेरपासून आपल्या देशात नव्या मोटारींना पुढच्या दोन्ही आसनांसाठी ती बंधनकारक आहे. कृपया सीट आजच मागच्या आसनावर घ्या. बाकीचे उत्तर सवडीने वाचले तरी चालेल.

आता आमची चूक. संच घेताना आपल्या यजमानांनी घोडबंदर रोडचा पत्ता दिला, तिथली लिफ्ट ऐसपैस, म्हणून आम्ही रुंद चाकांची, जड चौकटीची गाडी बिनदिक्कत दाखवली. बाळंतीण पहिले काही महिने माहेरी असते हे ठाण्यात इतकी वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको; तरीही ‘बाळ आधी कुठल्या घरी राहणार?’ हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. आपण लिहिल्याप्रमाणे माहेरच्या जुन्या जाळीच्या लिफ्टचे दार २२ इंच आहे आणि या गाडीची मागची चाके बाहेरून बाहेर २४ इंच. दोन इंचांपायी आपल्या आईंना १४ किलोची गाडी जिन्याने उतरवावी लागली, याची मला मनापासून खंत वाटते. डिकीचेही तसेच झाले. ‘कार आहे ना?’ एवढेच आम्ही विचारले, तिच्यात सीएनजीची टाकी आहे का ते विचारले नाही. बाळ जन्मण्याआधी वस्तू घरात आणू नयेत, या समजुतीमुळे बहुतेक घरांत ही खरेदी बाळ-बाळंतीण रुग्णालयात असताना घाईघाईने होते. घाई गिऱ्हाइकाची असते. मोजपट्टी काढणे हे आमचे काम होते.

मात्र आपल्या आईंना घाबरवल्याच्या आक्षेपावर मी त्या मुलीच्या बाजूने उभा आहे. ती एवढेच म्हणाली होती की प्रवास संपला की बाळाला कार सीटमधून उचलून सपाट जागी निजवावे आणि सीट बाबागाडीच्या चौकटीवर अडकवून तासन्‌तास फिरवू नये. खोक्यावर तर तेच चित्र छापलेले आहे, मग संच घ्यायचा कशाला, हा आपला प्रश्न रास्त आहे. त्या चित्राचा अर्थ एवढाच की झोपलेल्या बाळाला न उठवता मोटारीतून दारापर्यंत, फार तर डॉक्टरांच्या खोलीपर्यंत नेता यावे. कार सीट धक्का सोसण्यासाठी घडवलेली असते, म्हणून बाळ तिच्यात अर्धवट बसल्यासारखे राहते. नवजात बाळाचे डोके जड आणि मान कच्ची, त्यामुळे झोपेत हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. मासुंदा तलावाभोवती संध्याकाळचा फेरफटका मारायचा असेल, तर पहिले सहा महिने सपाट कॅरीकॉट (बाळाला आडवे निजवून न्यायची टोपली) किंवा पूर्ण आडवी होणारी बैठकच हवी. हे सांगितल्याने आमची विक्री कमी होत असेल तर होऊ दे.

परताव्याबद्दल. पावतीवरील ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ दाखवणे चुकीचे होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल परत घेण्यासंबंधीची तरतूद सदोष मालाला लागू होते आणि आपली बाबागाडी सदोष नाही, हे खरे. पण चुकीची वस्तू आम्हीच गळ्यात मारली असताना त्या शब्दाआड लपणे मला शोभणार नाही. ती ओळ नव्या पावतीपुस्तकातून काढली आहे. चौकट आणि बैठक आम्ही पूर्ण किमतीत परत घेऊ. त्याऐवजी पूर्ण आडवी होणारी, साडेसहा किलोची आणि १९ इंच रुंद गाडी दुकानात आहे. ती आधी माहेरच्या लिफ्टमध्ये आणि आपल्या डिकीत घालून पाहावी, पसंत न पडल्यास रोख रक्कम घ्यावी. पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर तिची लहान चाके थोडी खडखडतील, हे आताच सांगून ठेवतो.

कार सीट मात्र आम्ही परत घेणार नाही. एकदा वाहनात वापरलेल्या सीटला आतून धक्का बसला नाही, याची हमी मी पुढच्या बाळाच्या आईवडिलांना देऊ शकत नाही, त्यामुळे ती पुन्हा विकता येत नाही. शिवाय ती बाळाचे वजन १३ किलो होईपर्यंत चालते, आणि आपण मोटारीने येता-जाता. ती आपल्याला लागणारच आहे. सीट मागच्या आसनावर पट्ट्याने नीट बसवून देण्यासाठी आमचा माणूस आपल्या सोयीच्या वेळी, विनाशुल्क, माहेरच्या पत्त्यावर येईल. येताना तो छोटी गाडीही घेऊन येईल. जुनी खाली उतरवण्याचे कष्ट आपल्या आईंनी घेऊ नयेत. पावतीवरील क्रमांकावर फक्त वेळ कळवावी.

आपला,
दुकानमालक, नौपाडा, ठाणे