विमान परत वर गेलं म्हणजे पायलट कच्चा?

नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे-पनवेलच्या सोसायटी ग्रुपांवर विमानतज्ज्ञांचं पीक आलंय. सध्या एक व्हिडिओ फिरतोय. धावपट्टीजवळ आलेलं विमान न टेकता परत वर जातं. खाली मजकूर : 'पायलट शिकाऊ होता, उतरवताच येईना. ८० टक्के अपघात यांच्याच चुकीने होतात. विमान तर ऑटोपायलटच चालवतो, मग दोघांना लाखोंचा पगार कशाला?'

आधी ते वर जाणं बघू. त्याला गो-अराउंड म्हणतात. उतरताना वेग, उंची, दिशा यांतलं काही मर्यादेबाहेर गेलं, तर हट्ट न धरता वर निघायचं, असा नियमच आहे. २२ मे २०१० ला मंगळूरला तेवढंच झालं नाही. विमान हवं त्यापेक्षा बरंच उंच होतं. सहवैमानिक 'गो अराउंड' म्हणत राहिला, कॅप्टन उतरवत राहिले. निम्म्याहून जास्त धावपट्टी मागे पडल्यावर चाकं टेकली, उरलेली थांबायला पुरली नाही. १५८ माणसं गेली. कॅप्टन त्या उड्डाणात बराच वेळ झोपलेले होते, हे चौकशीत निघालं. व्हिडिओतल्या पायलटला हसणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

म्हणजे चूक पायलटचीच ना? हो, पण चौकशी तिथे संपत नाही. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० ला उतरतानाच्या अपघातात २१ जण गेले. तिथेही सहवैमानिकाने उशिरा का होईना 'गो अराउंड' म्हटलं होतं. भर पावसात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाइटला तेच लागणार होते. 'परत पोचायलाच हवं' हे दडपण ड्युटीचा तक्ता बनवणाऱ्याच्या टेबलावरून येतं. ८० टक्क्यांच्या हिशोबात ते टेबल कुठे धरलंय? सीनियरला तोंडावर 'थांबा' म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात मोडतं. कॉकपिटमध्ये ते मुद्दाम शिकवावं लागतं.

ऑटोपायलटचं म्हणाल, तर प्रवासी विमानांचं टेकऑफ आजही हातानेच होतं, बहुतेक लँडिंगही. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिनांची ताकद गेली. कॅप्टनने विमान हातात घेतलं, सहवैमानिक चेकलिस्ट घेऊन इंजिनं पुन्हा सुरू करायच्या मागे लागला. साधारण साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीत उतरलं, १५५ च्या १५५ वाचले. दुसरा माणूस कशाला, ते इथे दिसतं.

राहिला 'शिकाऊ'. कॅप्टन असो वा सहवैमानिक, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, बसवून ऐन टेकऑफला एक इंजिन बंद करतात. नापास झाला, तर पुन्हा पास होईपर्यंत उड्डाण बंद.